गोल कडेचा प्रत्येक चट्टा गजकर्णच का? ग्रामीण ओपीडीतील त्वचासंसर्गाचे निदान

प्रश्न: वैद्यकीय अधिकारी, मराठवाडा

नमस्कार. मी मराठवाड्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करतो. पावसाळा सुरू झाला की आमच्या ओपीडीत जांघेत, कमरेवर, नितंबांवर आणि स्त्रियांच्या छातीखाली खाजणारे चट्टे घेऊन येणाऱ्यांची रांग लागते, आणि ती दिवाळीपर्यंत काही हटत नाही. त्यांतील बहुतेकांना गजकर्ण असते हे मलाही मान्य आहे. अडचण अशी की पाठ्यपुस्तकात वाचलेले गजकर्ण, म्हणजे उठावदार लालसर कडा, कडेवर पापुद्रे आणि मध्यभागी जवळजवळ स्वच्छ झालेली त्वचा, हे चित्र आता क्वचितच दिसते. रुग्ण माझ्यासमोर येतो तोवर त्याने औषधाच्या दुकानातून दोन-तीन प्रकारची मलमे आणून लावलेली असतात, शेजाऱ्याची उरलेली ट्यूबही वापरून झालेली असते, आणि चट्ट्याची कड कुठे सुरू होते व कुठे संपते हेच कळत नाही.

आजवर मी नजरेने निदान करून टर्बिनाफाइन या बुरशीनाशकाच्या गोळ्या व मलम देत आलो. काहींना गुण येतो, पण अनेकजण महिन्याभरात तेच चट्टे घेऊन परत येतात. अशा वेळी औषध लागू पडले नाही, की मुळात निदानच वेगळे होते, हे मला सांगता येत नाही. आमच्याकडे हिवताप व क्षयरोगाच्या तपासणीसाठी चांगला सूक्ष्मदर्शक आणि अनुभवी प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. वुड्स दिवा (अतिनील प्रकाशाचा दिवा) नाही, कल्चरची, म्हणजे बुरशी वाढवून पाहण्याची, सोय नाही, आणि त्वचारोगतज्ज्ञ थेट जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत. रोजंदारी बुडवून तेथवर जाणे बहुतेकांना जमत नाही.

तेव्हा मला जाणून घ्यायचे आहे की मलमांनी बिघडलेल्या चट्ट्याचे निदान नजरेने कितपत करावे, त्वचा खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात तपासण्याची केओएच चाचणी आमच्यासारख्या केंद्रात विश्वासाने करता येईल का, आणि गोल दिसणाऱ्या पण गजकर्ण नसलेल्या कोणत्या गोष्टी माझ्या हातून निसटू नयेत. उपचारांचे तक्ते मजजवळ आहेत. मला निदानाविषयी ऐकायचे आहे.

उत्तर: त्वचारोगतज्ज्ञ, पुणे

डॉक्टर, तुम्ही वर्णन केलेले चित्र केवळ मराठवाड्याचे नाही. गेल्या दहाएक वर्षांत देशभरातील ओपीडींमध्ये गजकर्णाचे स्वरूप बदलले आहे आणि त्याची दोन कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. पहिले म्हणजे क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोनसारखे तीव्र स्टिरॉइड, एखादे प्रतिजैविक आणि एखादे बुरशीनाशक एकाच ट्यूबमध्ये कोंबलेली मलमे. स्टिरॉइडमुळे दोन दिवसांत खाज थांबते, रुग्णाला बरे वाटते, आणि बुरशी मात्र प्रतिकाराशिवाय पसरत राहते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने बाहेरून लावायच्या स्टिरॉइडना अनुसूची 'एच'मध्ये असलेली सवलत काढून घेतली, त्यामुळे कागदोपत्री ती चिठ्ठीशिवाय मिळू नयेत. प्रत्यक्षात काय होते ते तुमच्या ओपीडीतील रांगच सांगते.

दुसरे कारण बुरशीचेच आहे. पूर्वी आपल्याकडे ट्रायकोफायटॉन रुब्रम ही जात प्रामुख्याने आढळे. आता तिची जागा मोठ्या प्रमाणावर ट्रायकोफायटॉन इंडोटिनी या जातीने घेतली आहे. २०२० मध्ये जपानमधील संशोधकांनी तिला हे स्वतंत्र नाव दिले, आणि ज्यांच्या नमुन्यांवरून ते दिले ते रुग्ण नेपाळी व भारतीय होते. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये या बुरशीचे दोन रुग्ण आढळले तेव्हा अमेरिकेत तिची बातमी झाली. आपल्याकडे तोवर ती घराघरांत पोहोचलेली होती. टर्बिनाफाइन ज्या विकरावर (एन्झाइमवर) काम करते, त्या स्क्वालिन इपॉक्सिडेजच्या जनुकात या बुरशीच्या अनेक वाणांमध्ये बदल झालेला असतो, म्हणून औषध नियमित घेऊनही गुण येत नाही. इट्राकोनॅझोल हे दुसरे बुरशीनाशक वेगळ्या विकरावर काम करते आणि अशा रुग्णांत बहुधा उपयोगी पडते. मात्र केवळ 'गुण आला नाही' एवढ्यावरून बुरशी औषधाला दाद देत नाही असे ठरवू नये. तसे करण्याआधी रुग्णाने औषध किती दिवस घेतले, घरातील किती जणांना खाज आहे, आणि स्टिरॉइड खरोखर थांबले आहे का, या तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. माझ्या अनुभवात उत्तर बहुतेक वेळा या तिन्हींतच सापडते.

आता नजरेच्या निदानाकडे येतो. स्टिरॉइड लावलेल्या गजकर्णात लाली व पापुद्रे कमी होतात, कड तुटक होते, आणि पुष्कळदा एका वर्तुळाच्या आत दुसरे, कधी तिसरे वर्तुळ उमटते. मलम लावण्याच्या काळात बुरशी दबते आणि सोडल्यावर पुन्हा मुसंडी मारते, त्याच्या या खुणा असतात. जांघेत लालसर किंवा पांढुरक्या रेघा, पातळ होऊन सुरकुतलेली त्वचा, आणि केसांच्या मुळाशी बारीक पुटकुळ्या दिसल्या, तर रुग्ण काहीही म्हणाला तरी स्टिरॉइड लावले गेले आहे असे समजून चालावे. 'कोणते मलम लावले?' या प्रश्नाला 'साधेच, खाजेचे' हे ठरलेले उत्तर मिळते, म्हणून पुढच्या खेपेला घरातल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून आणायला सांगावे. हे माझ्या मते कोणत्याही चाचणीइतकेच मोलाचे आहे.

तपासताना रुग्णाला कपडे सैल करायला लावल्याशिवाय निदान करू नये. आपल्या ओपीडीत गर्दी असते, पडदा नसतो, स्त्री रुग्ण संकोचतात आणि हातावरचा एकच चट्टा दाखवतात. पण खरे क्षेत्र कमरेवर नाडी किंवा करगोटा बसतो तेथे, नितंबांवर आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला असते. परिचारिकेला सोबत घेऊन एवढे पाहावेच. पायांच्या बोटांमधली जागा आणि नखेही पाहावीत, कारण बुरशीचा साठा तेथे राहिला तर बाकीचे उपचार वाया जातात.

गजकर्णासारख्या दिसणाऱ्या गोष्टींपैकी नाण्याच्या आकाराच्या इसबात पापुद्रे व ओलसरपणा कडेपेक्षा मध्यभागी अधिक असतो, सोरायसिसमध्ये चंदेरी जाड पापुद्रे असतात आणि कोपर, गुडघे, डोक्याची त्वचा पाहिल्यावर उलगडा होतो, तर ग्रॅन्युलोमा ॲन्युलारेमध्ये वर्तुळ घट्ट असते पण त्यावर पापुद्रा मुळीच नसतो. पिटिरायसिस रोझियात आधी एक मोठा चट्टा येतो व आठवड्या-दोन आठवड्यांनी धडावर लहान चट्ट्यांचे पीक येते. पहिल्या चट्ट्याला गजकर्ण समजणे अगदी साहजिक आहे. एक गोष्ट मात्र कधीही सोडू नये: वर्तुळाकार चट्ट्यांसोबत तळहात व तळपायांवर तांबूस डाग असतील, तर दुसऱ्या टप्प्यातील उपदंशाचा विचार करून आरपीआर किंवा व्हीडीआरएल ही उपदंशाची रक्तचाचणी आणि एचआयव्ही चाचणी सांगावी.

खरूज हा यातला सर्वांत फसवा सोबती आहे, कारण ती गजकर्णाबरोबर एकाच शरीरावर सुखाने नांदते. रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती बारीक पुरळ, आणि पुरुषांच्या जननेंद्रियावर खाजणाऱ्या गाठी असतील तर जवळजवळ निदान झालेच. पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून 'घरात दुसऱ्या कोणाला नाही' या उत्तरावर फार विसंबू नये. उपचारानंतरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते. त्या काळात पुन्हा गजकर्णाचे औषध सुरू करण्याचा मोह आवरावा.

केओएचविषयी माझे मत असे आहे की ज्याला आजवर काहीच लावलेले नाही आणि चट्टा उघड आहे, त्याची तपासणी करण्यात वेळ घालवू नये. जुने, बिघडलेले, दोनदा परतलेले चट्टे मात्र तपासल्याशिवाय तिसऱ्यांदा औषध लिहू नये.

उत्तर: सूक्ष्मजीवशास्त्र विभाग, वैद्यकीय महाविद्यालय

वरील उत्तराशी मी एका मुद्द्यावर असहमत आहे. सुरुवातीचे काही महिने तरी 'उघड' गजकर्णाचे नमुनेही तंत्रज्ञाकडे पाठवावेत. ज्याने भरपूर बुरशी असलेली काचपट्टी अनेकदा पाहिली नाही, त्याला विरळ बुरशी असलेली काचपट्टी ओळखता येत नाही. अवघड नमुनेच पहिल्यापासून पाठवले तर सगळे अहवाल 'नकारात्मक' येतील आणि महिन्याभरात चाचणीवरचा सर्वांचाच विश्वास उडेल. हे मी पुष्कळ ठिकाणी होताना पाहिले आहे.

चाचणी तुमच्या केंद्रात निश्चित करता येईल. १० ग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून एकूण १०० मिलिलिटर केले की त्वचेच्या नमुन्यासाठी लागणारे १० टक्क्यांचे द्रावण तयार होते. तळव्यांसारख्या जाड त्वचेला २० टक्के आणि नखांना २० ते ४० टक्के लागते. नमुना घेण्यापूर्वी जागा ७० टक्के अल्कोहोलने पुसून कोरडी होऊ द्यावी. हे केवळ स्वच्छतेसाठी नाही. मलमाचा थर राहिला तर त्यातील तेलाचे थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीच्या बीजाणूंसारखे दिसतात. मग चट्ट्याच्या मध्यभागातून नव्हे, तर सरकत्या कडेवरून, बोथट पात्याने किंवा दुसऱ्या काचपट्टीच्या धारेने, आतून बाहेरच्या दिशेने पापुद्रे खरवडावेत. नकारात्मक अहवालांचे सर्वांत मोठे कारण म्हणजे अपुरा नमुना. काचपट्टीवर पापुद्रे डोळ्यांना स्पष्ट दिसले पाहिजेत. एका वर्तुळात दुसरे असेल तर दोन्ही कडांवरून घ्यावे. पुटकुळी असेल तर तिचे टोपण काढून तेच तपासावे, आणि चट्ट्यातील बारीक लव दोन-चार ठिकाणी चिमट्याने उपटून तीही पाहावी, कारण लवेच्या आत बुरशी शिरलेली दिसली तर नुसत्या मलमाने भागणार नाही हे लगेच कळते.

पापुद्र्यांवर द्रावणाचा एक थेंब टाकून कव्हरस्लिप ठेवावी आणि पंधरा-वीस मिनिटे थांबावे. घाई असेल तर काचपट्टी ज्योतीवरून हलकेच फिरवतात, पण उकळी फुटू देऊ नये, नाहीतर क्षाराचे स्फटिक तयार होऊन काहीच दिसत नाही. द्रावणात थोडे डायमिथिल सल्फॉक्साइड घातलेले असेल तर तापवण्याची गरज राहत नाही.

पाहताना तुमच्या तंत्रज्ञाला एक सवय मोडावी लागेल. क्षयरोगाच्या काचपट्टीसाठी भरपूर प्रकाश आणि तेलाचे भिंग वापरतात. येथे बरोबर उलट करायचे आहे. कंडेन्सर खाली घ्यावा, झरोका अरुंद करावा, आधी १० च्या भिंगाने संपूर्ण कव्हरस्लिप पालथी घालावी आणि संशय येईल तेथे ४० चे भिंग लावावे. खरे बुरशीतंतू सर्वत्र सारख्याच जाडीचे असतात, चमकतात, त्यांना आडवे पडदे व फांद्या असतात, आणि महत्त्वाचे म्हणजे ते त्वचेच्या पेशींच्या सीमा ओलांडून सरळ पुढे जातात. पेशींच्या सीमारेषांवरच जाळीसारखे काही दिसत असेल, त्याची जाडी जागोजागी बदलत असेल, तर तो भास आहे. नवशिक्यांचे बहुतेक खोटे सकारात्मक अहवाल यातूनच येतात. कापसाचे धागेही फसवतात, पण ते फारच जाड असतात आणि त्यांना पडदे नसतात. कँडिडा ही यीस्टसारखी बुरशी असेल तर खोट्या तंतूंसोबत कळ्या फुटलेल्या गोलसर पेशी दिसतात, आणि शिब्यांमध्ये आखूड, जाडसर तंतूंचे तुकडे व गोल पेशींचे घोस एकत्र असतात.

अहवाल वाचताना हे ध्यानात असू द्यावे की बुरशीनाशक मलम लावत असलेल्या रुग्णाचा नकारात्मक अहवाल जवळजवळ निरर्थक असतो. शक्य असेल तर ते आठवडा-दोन आठवडे थांबवून पुन्हा नमुना घ्यावा. याउलट नुसते स्टिरॉइड लावलेल्या चट्ट्यात बुरशी खच्चून भरलेली सापडते. म्हणजे डोळ्यांना जे सर्वांत कमी कळते, तेथेच सूक्ष्मदर्शक सर्वांत उपयोगी ठरतो, आणि याच कारणासाठी तुमच्यासारख्या केंद्रात ही चाचणी असायला हवी. सकारात्मक अहवालही जात सांगत नाही आणि कोणते औषध लागू पडेल तेही सांगत नाही. त्यासाठी कल्चर लागते, सॅबोराँ माध्यमावर चार आठवडे वाट पाहावी लागते, आणि प्रतिकाराची चाचणी तर मोजक्याच प्रयोगशाळांत होते. तुमच्या पातळीवर ती मागण्याची गरज नाही. एखाद्या रुग्णाचा नमुना पाठवायचाच असेल तर पापुद्रे काळ्या कागदाच्या घडीत कोरडे पाठवावेत. बंद बाटलीत ओल धरते, जंतू वाढतात आणि नमुना फुकट जातो.

वुड्स दिवा नसल्याची खंत करू नये. अंगावरचे गजकर्ण त्या दिव्याखाली चमकत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. त्याचा खरा उपयोग जांघेतील एरिथ्राझ्मा ओळखण्यासाठी होतो. तो बुरशीचा नव्हे, कोरिनेबॅक्टेरियम जातीच्या जिवाणूचा संसर्ग आहे. चट्टा तपकिरी, एकसारखा, उठावदार कड नसलेला असतो आणि दिव्याखाली पोवळ्यासारखा लाल चमकतो, तोही रुग्ण आंघोळ करून आला नसेल तरच. दिवा नसला तरी खाज कमी, मध्य स्वच्छ नाही आणि केओएच वारंवार नकारात्मक, एवढ्यावरून त्याचा संशय घेता येतो.

आरपीआरचा उल्लेख वर आला आहे, त्यात एक भर. दुसऱ्या टप्प्यातील उपदंशात प्रतिपिंडे इतकी जास्त असू शकतात की विरल न केलेल्या रक्तद्रवात चाचणी नकारात्मक येते. संशय दाट असेल तर प्रयोगशाळेला रक्तद्रव विरल करून पुन्हा तपासायला लिहून कळवावे.

उत्तर: निवृत्त अवैद्यकीय सहायक, कुष्ठरोग कार्यक्रम, चंद्रपूर

मी डॉक्टर नाही, परंतु माझी सगळी नोकरी चट्टे तपासण्यात गेली, म्हणून लिहितो. गोल कडेचा चट्टा म्हटले की आमच्या मनात पहिला प्रश्न येतो तो खाजेचा. गजकर्ण खाजते. कुष्ठरोगाचा चट्टा सहसा खाजत नाही, दुखत नाही, आणि म्हणूनच रुग्ण तो दाखवायला येत नाही. तो दुसऱ्याच तक्रारीसाठी येतो आणि पाठीवरचा चट्टा आपल्याला दिसतो. कुष्ठरोगाच्या बॉर्डरलाइन ट्युबरक्युलॉइड प्रकारात चट्ट्याची कड उठावदार व मध्य फिकट असा अगदी गजकर्णासारखा देखावा असतो. २००५ च्या डिसेंबरअखेर देशपातळीवर कुष्ठरोगाचे दुरीकरण झाल्याचे जाहीर झाले. त्याचा अर्थ दर १०,००० लोकसंख्येमागे एकाहून कमी रुग्ण एवढाच होता. पण तेव्हापासून नव्या डॉक्टरांच्या मनातून हा आजार निघून गेला, असे मला वाटते. पूर्व विदर्भात तरी तो गेलेला नाही.

संवेदना तपासायला कोणतेही यंत्र लागत नाही, परंतु ती तपासण्याची रीत बिघडली की उत्तर हमखास चुकते. आधी रुग्णाचे डोळे उघडे ठेवून निरोगी त्वचेवर बॉलपेनचे टोक किंवा कापसाची वात टेकवावी आणि स्पर्श झाला की त्या जागी बोट ठेवायला सांगावे. तो समजला की डोळे मिटवून चट्ट्यावर व बाहेर, आलटून-पालटून, क्रम न ठेवता तपासावे. 'कळते का?' असे विचारू नये. आपल्याकडचा माणूस डॉक्टरांना वाईट वाटू नये म्हणून 'हो' म्हणतो. कापूस त्वचेवरून ओढूही नये, नुसता टेकवावा. चेहऱ्यावरच्या चट्ट्यात संवेदना टिकून राहू शकते, तेथे या चाचणीवर भरवसा नको. चट्ट्यावर घाम येतो का, लव आहे का, तेही पाहावे.

त्यानंतर नसा चाचपाव्यात. कोपराच्या आतल्या बाजूची अल्नर, गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूची पेरोनियल आणि मानेवरची ग्रेट ऑरिक्युलर, दोन्ही बाजूंची तुलना करून. जाड, दुखरी नस आणि तिच्या परिसरात बधिर चट्टा असेल तर निदानासाठी आणखी काही लागत नाही. त्वचाछेद लेप (त्वचेला बारीक छेद देऊन घेतलेल्या द्रवाची जंतूंसाठी तपासणी) नकारात्मक आला म्हणून रुग्णाला घरी पाठवू नये, कारण अशा कमी जंतूंच्या प्रकारात तो नकारात्मकच येणार असतो.

गालांवर फिकट, कोरडे डाग असलेल्या मुलांना जंतांचे औषध आणि कॅल्शियम देण्याची पद्धत गावोगाव आहे. बहुतेक वेळा तो साधा पिटिरायसिस अल्बा असतो आणि त्याचा जंतांशी संबंध नाही. पण अशा मुलाच्या घरात कुष्ठरोगाचा रुग्ण होऊन गेला आहे का, एवढे विचारावे आणि त्याचे अंग पूर्ण पाहावे. आणखी एक: असलेला चट्टा अचानक लाल होऊन सुजला तर अनेक ठिकाणी सेल्युलायटिस (त्वचेखालील जिवाणूसंसर्ग) म्हणून प्रतिजैविक दिले जाते. ती कुष्ठरोगाची प्रतिक्रिया असेल आणि सोबत नस दुखत असेल, तर काही दिवसांच्या विलंबाने हात किंवा पाय लुळा पडू शकतो. असा रुग्ण त्याच दिवशी पुढे पाठवावा.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचा आभारी आहे. बॉलपेनची रीत उद्यापासून सुरू करता येईल. एक शंका राहते. केओएचसाठी वीस मिनिटे थांबायचे आणि ओपीडीत शंभरावर रुग्ण, हे गणित जुळवायचे कसे? दुसरे असे की जांघ तपासण्याचा मुद्दा मला पटला, पण तक्रार खाजेची नसेल तरीही ती पाहावी का? स्त्री वैद्यकीय अधिकारी नसलेल्या केंद्रात ही गोष्ट सोपी नाही.

उत्तर: भिषक (फिजिशियन), नागपूर

डॉक्टर, आपल्या दुसऱ्या शंकेचे उत्तर माझ्या विषयाला लागून आहे, म्हणून देतो. तापाच्या रुग्णाची जांघ पाहावी, आणि ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात तर न चुकता पाहावी. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर व आसपासच्या भागात स्क्रब टायफसची मोठी साथ आली, तोवर आमच्यापैकी अनेकांच्या यादीत तापाची कारणे म्हणजे डेंग्यू, हिवताप, विषमज्वर आणि फार तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) एवढीच होती. ओरिएन्शिया सुत्सुगामुशी हा जंतू माइट या बारीक किड्याच्या अळीच्या चाव्यातून शरीरात जातो. चाव्याच्या जागी काळी खपली व भोवती लालसर कडे असलेला व्रण तयार होतो. तो दुखत नाही, खाजत नाही आणि काख, जांघ, छातीखाली, कमरेच्या पट्ट्याखाली अशा दडलेल्या जागी असतो. रुग्णाला तो असल्याचा पत्ताही नसतो. ओलसर घडीत काळी खपली राहत नाही, उथळ पिवळसर व्रण दिसतो, आणि मलम लावलेल्या गजकर्णाच्या गर्दीत तो सहज नजरेआड होतो. जवळची एखादी गाठ सुजून दुखत असेल तर तिच्या परिसरात नेमके शोधावे.

हा व्रण सर्व रुग्णांत आढळत नाही, पण आढळला तर योग्य ऋतूत व योग्य प्रदेशात तो निदानासाठी जवळजवळ पुरेसा असतो. रक्ताची आयजीएम एलायझा चाचणी पहिल्या पाच-सात दिवसांत नकारात्मक येऊ शकते आणि जुनी वेल-फेलिक्स चाचणी तर बऱ्याच रुग्णांना निसटू देते. म्हणून अहवालाची वाट न पाहता डॉक्सिसायक्लिन सुरू करावे, गर्भवतीला ॲझिथ्रोमायसिन द्यावे. उशीर झाला तर फुप्फुसे, मूत्रपिंडे व मेंदूपर्यंत गुंतागुंत जाते. दोन दिवसांत ताप उतरला नाही तर निदानाचा फेरविचार करावा.

स्त्री रुग्णांच्या बाबतीत मी सहायक परिचारिकेला किंवा आशाताईंना काय पाहायचे ते एकदा छायाचित्रावरून दाखवून ठेवतो. त्या पडद्याआड पाहून सांगतात आणि काही आढळले तरच, रुग्णाची संमती घेऊन व त्यांच्या उपस्थितीत, मी पाहतो. ही व्यवस्था परिपूर्ण नाही, पण अजिबात न पाहण्यापेक्षा बरी आहे.

पायाच्या सेल्युलायटिसविषयीही थोडे सांगतो, कारण ओपीडीत हेही निदान सैलपणे केले जाते. दोन्ही पाय एकाच वेळी लाल व सुजलेले असतील तर तो सेल्युलायटिस असण्याची शक्यता फारच कमी. शिरांच्या दोषाने आलेला दाह अधिक संभवतो. आमच्या विदर्भातल्या जिल्ह्यांत हत्तीरोगाच्या सुजेवर वारंवार येणारा तापाचा झटकाही असाच दिसतो. एकाच पायाला असेल तर लालीची कड पेनाने आखून ठेवावी आणि बोटांच्या बेचक्यांत बुरशीने पडलेल्या भेगा पाहाव्यात, कारण जंतू बहुधा तेथूनच शिरलेले असतात. वेदना दिसणाऱ्या लालीच्या मानाने फार जास्त असेल, विशेषतः मधुमेही रुग्णात, तर वाट पाहू नये.

उत्तर: सूक्ष्मजीवशास्त्र विभाग, वैद्यकीय महाविद्यालय

वेळेच्या गणिताविषयी: वीस मिनिटे काचपट्टी थांबते, तंत्रज्ञ थांबत नाही. रुग्ण आला की खरवडणे आधी करून घ्यावे, काचपट्ट्यांवर पेन्सिलीने नोंदणी क्रमांक घालून त्या पेट्री डिशमध्ये ओलसर टिपकागदावर झाकून ठेवाव्यात, आणि थुंकीच्या काचपट्ट्या रंगवून होतात तेवढ्या वेळात एकत्रच पाहाव्यात. एक काचपट्टी पाहायला सरावलेल्या माणसाला पाच मिनिटांहून अधिक लागत नाहीत. सकाळी नमुना दिलेला रुग्ण औषधाच्या खिडकीपर्यंत पोहोचेस्तोवर अहवाल तयार असतो. सुरुवातीच्या संशयित काचपट्ट्यांचे ४० च्या भिंगातून मोबाइलने काढलेले छायाचित्र जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या विभागाला पाठवून खात्री करून घेता येते. आम्ही अशी छायाचित्रे नेहमी पाहतो. काचपट्टी मात्र दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवू नये, द्रावण वाळले की तीत स्फटिकांखेरीज काही उरत नाही.

द्रावण प्लॅस्टिकच्या बाटलीत, घट्ट झाकणाने ठेवावे. काचेचे बूच असलेल्या बाटलीत ते ठेवले तर बूच कायमचे चिकटून बसते. हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून ते निकामी होत जाते, तेव्हा एकदम जास्त न करता थोडे-थोडे करावे आणि बाटलीवर तारीख लिहावी. ते दाहक आहे. हाताला लागल्यास भरपूर पाण्याने धुवावे. आणि सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाला ते लागू देऊ नये, कव्हरस्लिपच्या बाहेर आलेले जास्तीचे द्रावण टिपकागदाने टिपूनच काचपट्टी भिंगाखाली ठेवावी. नाहीतर क्षयरोग कार्यक्रमाचा सूक्ष्मदर्शक खराब झाला म्हणून तुमची चाचणी पहिल्याच महिन्यात बंद पाडली जाईल.